नवरीची नाव वळत नाही

५ नोव्हेंबर १९५७, मंगळवार
आज सकाळी तेल्हाऱ्याला अंगणातल्या तुळशीला पाणी घातलं, देवापुढे हात जोडले आणि ट्रंक उचलून निघालो. अकोल्यापर्यंत मोटार, पुढे छकडा. दुपारी पूर्णेचा घाट दिसला आणि पन्नाशीला आलेला मी शाळकरी पोरासारखा हरखलो. काठावर टिनाची खोली, दारात कडुलिंब, समोर संथ पाणी. पाच वर्षांपूर्वी इथे दोन नावांची टक्कर होऊन एकवीस माणसं बुडाली. तसं पुन्हा होऊ नये म्हणून मला घाटाचा जमादार नेमलं आहे. हे पुण्यकर्मच आहे.

शेजारच्या पार्वताबाईंनी ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी पाठवली. त्यांची सिंधू चोवीस तारखेला पलीकडच्या गावी नांदायला जायची आहे. घरात गडबड, हसणं-खिदळणं. बरं वाटलं.

७ नोव्हेंबर
पाटीवर नियम लिहिले. नावेत बाराच माणसं. धुक्यात नाव सोडू नये. समोरून नाव आली तर दोघांनी आपापल्या उजव्या हाताला वळावं. घासलेटचे रिकामे डबे, तोंडं डाग देऊन बंद केलेले, नावेच्या दोन्ही अंगांना बांधले. नाव उलटलीच तर धरायला आधार.

नावाडी पुंजाजी पाटी वाचून हसला. म्हणाला, ‘जमादार, तुमी तेल्हाऱ्यात कापूस जोखा. पाण्यातलं आमाले नका शिकवू.’ घाटावरचे सगळे हसले, मीही हसलो.

९ नोव्हेंबर
टक्कर कशी झाली ते आज कळलं. इथली रीत अशी की नवरी माहेरच्याच नावेतून जाते आणि तिची नाव कोणासाठी वळत नाही. वळली तर त्या गावाची नाचक्की. त्या दिवशी इथून पार्वताबाईंची थोरली मनकर्णा निघाली होती आणि तिकडून तिकडची नवरी. दोन्ही नावा मधल्या धारेत समोरासमोर आल्या. भर दुपार, स्वच्छ ऊन, दोघांनाही दिसत होतं.

मनकर्णेची नाव पुंजाजीच चालवत होता. मी म्हटलं, वळायचं होतं. तो म्हणाला, ‘काहून वळाव?’ तोंडावर पश्चात्ताप नाही. उलट अभिमानच.

तेव्हापासून या घाटावरून एकही नवरी गेलेली नाही. सिंधू पहिलीच.

१२ नोव्हेंबर
डबे चोरीला गेले. दोन पार्वताबाईंच्या अंगणात, तोंडं कापून पाणी भरून ठेवलेले दिसले. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. संध्याकाळी भाकर आली नाही.

१४ नोव्हेंबर
सकाळी आठ वाजता मी पुंजाजीच्या नावेत होतो. मधल्या धारेत समोरून एक नाव आली. सरळ आमच्यावर. मी ओरडलो, उजवीकडे घे! पुंजाजीनं वल्हं हलवलं नाही. नावेतल्या बायांनी पदर तोंडावर ओढून खाली पाहिलं. मी डोळे मिटले.

टक्कर झाली नाही. अंगातून गार काहीतरी आरपार गेलं, एवढंच. डोळे उघडले तर नदी मोकळी, आणि आमच्या नावेत घोट्यापर्यंत पाणी.

पुंजाजी पाणी उपसत म्हणाला, ‘रोजच येते. आमी नाही वळत.’

१६ नोव्हेंबर
आज काठावरून नीट पाहिलं. त्या नावेला वल्हं नाही, नावाडी नाही. दोन नवऱ्या उभ्या आहेत. हिरवी लुगडी अंगाला चिकटलेली, मुंडावळ्यांतून पाणी ठिबकतं आहे. एक इकडची, एक तिकडची. आता दोघी एकाच नावेत. आणि दोघींच्या मध्ये एक जागा मोकळी ठेवलेली.

कोणासाठी ते कळलं. चोवीसला निघणाऱ्या सिंधूसाठी.

१७ नोव्हेंबर
पार्वताबाईंकडे गेलो. हात जोडून सांगितलं, सिंधूला छकड्यानं, सडकेच्या लांबच्या पुलावरून न्या, एक दिवस जास्त लागेल. सिंधू दारामागे उभी होती. माझ्याकडे पाहून तिनं होकाराची मान डोलावली. तिलाही ती नाव दिसते. पार्वताबाईंचा चेहरा दगडासारखा. ‘माही मनकर्णा मेली पण वळली नाही. आता हे सडकेनं गेली तं तिकडचे थुंकतीन आमच्या तोंडावर. तुमी मध्ये पडू नका जमादार.’

मी तरीही पुन्हा विनवलं. त्यांनी दार लावून घेतलं.

१९ नोव्हेंबर
विहिरीवर पाणी भरू देत नाहीत. नियमांच्या पाटीवर शेण फासलं. पुंजाजी येता-जाता माझ्या दारात थुंकतो. ती दोघींची नाव आता सकाळीही दिसते, दुपारीही. रोज थोडी अलीकडे.

२१ नोव्हेंबर
जप करतो. मणी मोजता येत नाहीत, बोटं ओली असतात. कशानं ओली—

त्या दोघी आता माझ्याकडे पाहतात.

२३ नोव्हेंबर
नावेला झेंडूची तोरणं बांधली. उद्या दहाचा मुहूर्त. सिंधू घाटावर आली होती. मला म्हणाली, ‘काका, मले नाही जायचं तिच्यात.’ आईनं हाताला धरून ओढत नेली.

नवरी नसलेल्या नावेला त्या दोघी सोडून देतात. नवरीच्या नावेला सोडणार नाहीत. देवा, बुद्धी दे.

२४ नोव्हेंबर, सकाळी
केलं. उजाडताच पहार घेऊन नावेचा तळ फोडला. तोरणासकट बसली पाण्यात. डोक्यात दगड लागला आहे, पुंजाजीचा असावा. खोलीला बाहेरून कडी घातली त्यांनी. पण दुसरी नाव नाही, आणि तिकडची चालत नाही— रीतच तशी. नाइलाजानं छकडा जुंपला. घुंगरं ऐकली मी. लांब गेली. सिंधू सडकेनं गेली.

पोरगी वाचली.

दहा वाजले. ऊन आहे. खिडकीतून दिसते— येते आहे. समोर आता नावच नाही, थांबणार कुठे—

काठाला लागली. थांबली नाही. वाळूवर पाणी येतं आहे, तिच्या पुढे पुढे—

मी ओरडलो, उजवीकडे. उजवीकडे वळा—

दाराखालून पाणी. कडुलिंबाच्या अलीकडे आली. मधली जागा अजून मोकळी आहे. दोघी बाजूला सरकून मला—