भरलं ताट आणि बेसबॉल

नांदेड, २१ जानेवारी २०२५

चि. वीरेश यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू हाव अक्का, हाव अक्का करतोस आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवून देतोस, त्यामुळे लिहिणे भाग पडले.

आपल्या लेकीला, शिवांगीला, बेसबॉलच्या पुण्यातील शिबिराला पाठवणार नाही, असे तू रविवारी तिचा इथला सामना संपल्यावर गाडीत बसता बसता तिला सांगितलेस. कारण काय, तर खेळात दम दिसला नाही. दिसणार कुठून? पासावर 'जेवण अनलिमिटेड' छापले होते, आणि सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तू जेवणाच्या मंडपात होतास. बायको, मंजुश्री, बोलवायला आली. मी स्वतः येऊन ऊठ म्हणाले. तू भरल्या ताटाकडे बोट दाखवलेस. आपल्या घरात ताटात काही टाकत नाहीत, ताट धुऊन ते पाणी पिऊनच उठतात, हे मला शिकवायला नको. पण वाढपी आला की ताटावर हात आडवा धरायचा, हेही बाबांनीच शिकवले होते.

पोरगी वर्षभर माझ्याकडे राहून पहाटे मैदानावर जाते आहे. संमतीपत्र ३ फेब्रुवारीला द्यायचे आहे. सहीचे काय ते लेखी कळव. पोट बरे असेल.

लोभ ठेव, आणि उत्तरही दे.

उज्वला

लातूर, २५ जानेवारी

ती. अक्कास वीरेशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मंजुश्रीनं आधी वाचलं, मग दोन दिवस मला नुसतं वरण वाढलं. पोट बरं हाय.

खरं लिहितो. वाढपी माझ्या मागं लागला नव्हता, मीच त्याला बोलावून राहिलो होतो. ताट रिकामं झालं असतं तर उठावं लागलं असतं. शिवांगी बॅटवालीच्या पाठीमागं उकिडवी बसते, चेंडू सरळ तोंडावर येतो. इथं शाळेत असताना चेंडू लागून तिचा दात हलला, तेव्हा दवाखान्यात तिचं डोकं मीच धरलं होतं. मला ते बघवत न्हाई. बाप भितो म्हणण्यापेक्षा खेळ वाईट म्हणणं सोपं गेलं.

सही माझ्यानं होणार न्हाई. तूच तिला समजाव, तुझं ती ऐकते.

माया पातळ करू नको.

वीरेश

नांदेड, २८ जानेवारी

चि. वीरेश यास आशीर्वाद.

तिला मी समजावणार नाही. तुझी भीती तू सांग.

तू मंडपात होतास तेव्हा काय झाले, ते ऐक. मंजुश्रीला मीच गप्प राहायला सांगितले होते. बॅटला निसटता लागून चेंडू तिच्या मास्कवर बसला. जाळी वाकली. शिवांगीने मास्क काढला, तोंडावर पाणी मारले, दुसरा मागून घेतला. पुन्हा बसण्याआधी तिने मंडपाकडे पाहिले. बाबांनी पाहिलं का, असे नंतर मला विचारले. नाही म्हटल्यावर तिला बरे वाटले की वाईट, ते मला समजले नाही. तेव्हापासून माझे कशात लक्ष नाही.

मीही भिते. रोज पाहून भीती कमी होत नाही. त्या कारणाने नकार दिलास तर मी वाद घालणार नाही. पण खेळात दम नाही, हे शब्द तिच्यासमोर परत घे. शेजारचा मल्लेश उद्या लातूरला येतो आहे, त्याच्याबरोबर वाकलेला मास्क आणि कोरे संमतीपत्र पाठवते. मास्क हातात धरून बघ. रविवारी सकाळी सराव आहे. तिथे चहासुद्धा मिळत नाही.

लोभ असू दे, राग आला तरी चालेल.

उज्वला

नांदेड, २ फेब्रुवारी

चि. सौ. मंजुश्रीस आशीर्वाद.

वीरेश आज पहिल्या बसने आला आणि मैदानाच्या जाळीमागे उभा राहिला. चेंडू आला की डोळे मिटायचा. शेवटी शेवटी मिटले नाहीत असे लिहिले असते, पण मिटलेच. सराव संपल्यावर त्याने तिला सांगितले की खेळ त्याने पाहिलाच नव्हता, आणि त्याला भीती वाटते. ती म्हणाली, तिलाही वाटते. जेवायला थांब म्हटले, तर थांबला नाही.

तुला नीट कळावे म्हणून नोंद देते. वीरेशने दिले: संमतीपत्र, सहीसह, माझ्या हाती. नवा मास्क एक, शिवांगीच्या हाती. जुना मास्क मी परत मागितला. तो दुकानात गल्ल्याजवळ टांगला आहे म्हणतो. दिला नाही.

उज्वलाअक्का