सुनयना, मुक्काम कुंभारवाडा

कुंभारवाडा,
श्रावणातला शेवटचा आठवडा

ती. भिकाजीमामांच्या पायांवर, आपण कधी न पाहिलेला भाचा महाबळेश्वर याचं डोकं.

रामनगरला आपण, मामी आणि (असल्यास) गुरंढोरं खुशाल असावीत. इकडे सगळे बरे. आई, म्हणजे आपली बहीण, तब्येतीनं बरी आहे, पण हल्ली कामात मधेच थांबते. त्याचंच हे पत्र.

घडलं असं. आमच्या वाडीतल्या दुकानदार कान्हूनं दुकानाची जुनी भिंत पाडली, तेव्हा त्याच्या वडिलांची कागद टोचायची तार निघाली. (वाड्यावाड्यांचं टपाल तेव्हा दुकानातच पडायचं. घेणारा सापडला नाही की कागद तारेवर.) तारेच्या तळाशी एक पोस्टकार्ड. "सुनयना, यंदाची गणपतीची चवथ आपल्या घरातली शेवटची. पुढच्या साली धरणाचं पाणी येणार. न्यायला येऊ काय? कळव. तुझा दादा." पत्त्यात फक्त सुनयना, मु. कुंभारवाडा. नवऱ्याचं नाव नाही, दादाचं नाव नाही, शिक्का पुसट.

असं कार्ड हाती आल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. (सातवीनंतरचं सगळं शिक्षण मी मलाच दिलेलं आहे, आणि त्यात हयगय केलेली नाही.) आमच्या वाडीत सुनयना नाही, याची खात्री म्हाताऱ्या पुरुषांकडून करून घेतली. शेजारच्या गुंद गावात एक सुनयना सापडली, ती अंगणवाडीत जाते. मग धरणाकडचे जुने लोक भेटतील म्हणून गणेशगुडी गाठलं. नदीकाठी एकाला नम्रपणे विचारायला गेलो, तर त्यानं मला पर्यटक समजून जाकीट चढवलं, डोक्यावर टोपडं बसवलं, आणि मी 'चवथ' म्हणेपर्यंत रबरी होडी काळी नदीच्या खळाळात. (कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत होतं. ओला झालो तो मी.)

शेवटी निष्कर्ष काढला की असलं नाव इथल्या बाईचं असणार नाही, तेव्हा ही धरणावरच्या एखाद्या साहेबाची बायको. तो मी देवळाच्या मंडपात पुराव्यांसह मांडत होतो. कार्ड वाचून दाखवलं, आणि बायकांतून आईचा आवाज आला, "म्हाबळेश्वरा, बस खाली. ती सुनयना म्हंजे मी."

ती उठून पुढे आली.

"लग्नात हितं रुक्मा केलं मला. दादाला ते कवाच पटलं न्हाई. समदा तालुका हिंडलास, घरात इचारलंस काय?"

मामा, माझ्या आईचं माहेरचं नाव मला ठाऊक नव्हतं. 'माजं म्हायेर पाण्यात गेलं' एवढंच ती म्हणायची आणि पुढे विचारू द्यायची नाही.

तिला वाचता येत नाही. तिनं कार्ड हातात घेतलं आणि म्हणाली, "न्यायला येऊ काय, हे कुठं लिवलंय? बोट ठेव." मी बोट ठेवलं. माझं बोट बाजूला सारून तिनं आपलं ठेवलं. बोट न उचलता म्हणाली, "मला वाटलं हुतं, मी दादाला जड झाले."

उत्तर आलं नाही म्हणून आपणही तसंच काही समजला असाल, असा माझा तर्क आहे. (पुरावा नाही.) आपलं नाव आईनं सांगितलं, आणि रामनगरचा पत्ता मी धरणग्रस्तांच्या यादीतून काढला.

हा वृत्तान्त केवळ आपल्या माहितीसाठी. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
महाबळेश्वर

ता. क. केवळ माहितीसाठी, हे खोटं. चवथ तोंडावर आली आहे. आई म्हणते, "बलावणं उशिरा का हुईना, आलं न्हवं." पण भाऊ न्यायला आल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही. मी सोडतो म्हटलं तर म्हणाली, "तू कोण?"

ता. क. २. इकडे बस कमी, आणि आपलं वय मला ठाऊक आहे. आमच्या शेजारच्या योगेशची जीप मी आपल्याला आणायला पाठवतो. तिच्यातूनच आपण आईला न्यायला यावं. जीप आम्ही पाठवली, हे तिला बिलकूल कळू देऊ नये.

ता. क. ३. आईनं आत्ताच योगेशला अंगणात अडवून दम दिला, "म्होरली सीट धुऊन काढ. माजा दादा मागं बसायचा न्हाई."