ईस्टर पंधरा दिवस आधी आला

ती. अण्णांना,
लेकीचा वैतागलेला, पण मनापासून नमस्कार.

मी खुशाल आहे, फक्त डोकं फिरलंय. आमचा पडद्यांचा शिवणखाना वर्षातून एकदाच, ईस्टरला, आठवडाभर बंद असतो. गेल्या वर्षी ईस्टर वीस एप्रिलला होता. तीच तारीख धरून मी तिकीट काढलं आणि तुम्हीही डोळ्याचं ऑपरेशन वीसलाच ठरवलंत. काल मुकादमबाई म्हणाल्या, "या वर्षी पाच एप्रिलला आहे. वीसला कुठली सुट्टी?"

मी म्हटलं, "हा सण आहे की पाहुणा, वाटेल तेव्हा यायला?"

शेवटी कापड बेतणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी समजावलं. एकवीस मार्च धरायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा बघायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा सरकली की तोही सरकतो. म्हणजे आपल्या तिथींसारखंच की! तुम्ही हे चुटकीसरशी सांगितलं असतंत, पण मी विचारलं कुठे?

तिकीट भांडूनतंडून बदलून घेतलंय. चार तारखेला पोचते. डॉक्टरांना सांगून ऑपरेशन सहाला करून घ्या. "तू कशाला येतेस" हे तुमचं पालुपद या वेळी नको.

वहिनी लिहिते, तुम्ही जिन्यात पायरी चुकलात. तुमच्या पत्रात त्याचं अवाक्षरही नाही. अण्णा, फार लागलं का? आणि दुसऱ्या डोळ्याने तरी नीट दिसतंय ना? हे पत्र तुम्ही स्वतः वाचताय, की वहिनी वाचून दाखवतेय?

तुमची,
धाकटी