कावळ्यापुढची कबुली

सोलापूर, ६ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास,
जोतिरामचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. टेंभुर्णीला आप्पांच्या मंडपाच्या दुकानाची मोजदाद झाली. निघालं ते असं: उंदरांनी खाल्लेलं कापड, एकशेदहा खुर्च्या, त्यातल्या चाळीस तीनच पायांवर, आणि नवरानवरीचा एक सोफा. देणं अकरा लाख. आपल्या वडिलांनी गावाची लग्नं उधारीवर लावली आणि गावानं त्यांना दिलदार म्हणून हार घातले. हारही आप्पांनीच आणलेले असायचे.

वकील म्हणतात, बापानं ठेवलं तेवढ्यातूनच फेडायचं, पोराच्या घराला हात लागत नाही. पण दहाव्याला भीमेकाठी कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा सगळं देणं मी फेडीन असं मी मोठ्यानं बोलून बसलो आणि तो शिवला. अकरा घेणेकरी साक्षीला होते. ते आता वकिलाला मानत नाहीत, कावळ्याला मानतात. सोमवारी घराचा विसार घेतोय. पोरीला, पायलला, अजून सांगितलेलं नाही, बारावीची परीक्षा आहे तिची.

तुझा,
जोतिराम

अक्कलकोट, ९ फेब्रुवारी २०२४

चि. जोतिराम यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून लई अभिमान वाटला. अठरा वर्षं चादरीच्या कारखान्यात राबून दोन खोल्या केल्यास, त्या कावळ्याच्या भरवशावर विकायला निघालास. उद्या कावळ्याला कर्ज लागलं तर जामीनही तूच राहा.

आता नीट वाच. तू बोललास तेव्हा कावळा लिंबावर चोच घासत बसला होता, हलला न्हाय. मग मी मागं उभी राहून मनात म्हणाले, आप्पा, जोतिरामचं घर मी जाऊ देणार न्हाय. तेव्हा तो खाली आला. शब्द चालायचा तर माझा चालंल. हे पत्र त्या अकरा जणांना वाचून दाखव. शंका असंल त्यानं कावळ्याला विचारून यावं.

इमामसाब तेवढे वेगळे. तीस वर्षं त्यांनी आप्पांचे मंडप शिवले, आठ महिन्यांची मजुरी राहिली, तरी दहाव्याला मागायला न्हाय, रडायला आले. त्यांचं मी देते. माझ्या दोन बांगड्या तशाही घट्ट होतात.

लोभ हायच, थोडी अक्कल असावी ही विनंती.

अक्का

सोलापूर, १४ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न.

विसार घेतला नाही. पत्र अकरा जणांपुढं वाचलं. दोघं शिव्या देत उठले. बाकीच्यांनी दुकान विकून येईल ते वाटून घ्यायचं कबूल केलं. सोफा मात्र कुणाला नको. इमामसाबांचं निम्मं मी देतो, तू एकच बांगडी मोड.

पत्र पायलनंही वाचलं. ती म्हणाली, कावळा शिवला तेव्हा आत्या घाटावर नव्हतीच; चक्कर आली म्हणून गाडीत बसली होती आणि मीच तिला पाणी पाजत होते. घेणेकऱ्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडं होतं, म्हणून निभावलं. मला खूप रडू आलं, अक्का.

दुकानाशिवाय आप्पांनी मागं काहीच ठेवलं नाही असं मी वकिलांना लिहून दिलंय. ते खोटं आहे, एक बहीण ठेवलीय. पण यादीत घालत नाही, नाहीतर तीही वाटून घेतील.

असाच लोभ आणि अशीच थापेबाजी राहू दे.

तुझा,
जोतिराम