भूलतज्ज्ञाची आपसी बदली

६ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.१०
औषध कंपनीच्या एमआरने दिलेली डायरी. कव्हर बरं आहे. आजपासून रोज लिहिणार.
संकल्प: भूलशास्त्र सोडायचं. तीन वर्षांच्या एमडीतलं दीड वर्ष झालं. पुरे.
कारण कालचं. हर्नियाचा पेशंट घरी चालला होता. त्याची बायको सर्जनच्या पाया पडली. सिस्टरला पेढा दिला. स्ट्रेचर ढकलणाऱ्या पुंजालाही दिला. मी तिथेच उभा. दोन तास तिच्या नवऱ्याचा श्वास माझ्या हातात होता. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, तुमी एक्सरेवाले का? तोवर पेढे संपले होते.
जेवताना विचार केला. बाई साधी, पण तिला जे दिसलं ते खरं असणार. मी मुळात रेडिओलॉजीचाच माणूस आहे.

८ जानेवारी, बुधवार
राजीनामा देणार नाही. तो मूर्खांचा मार्ग. राजीनामा दिला की पुन्हा नीटची परीक्षा द्या, पुन्हा पहिल्या वर्षापासून घासा. शिवाय मागच्या वेळी नीटचा पेपर माझ्या लेव्हलचा नव्हता.
आप्पांना फोन केला. आप्पा कळवणला असतात, जिल्हा परिषदेचे रिटायर्ड मास्तर. नोकरीत तीनदा आपसी बदली करून घेतली. समोरचा मास्तर तुमच्या शाळेत यायला तयार, तुम्ही त्याच्या. दोघांनी अर्ज करायचा, साहेब सही करतात, कुणाचं काही बिघडत नाही. डॉक्टरांत चालेल का, विचारलं. म्हणाले, त्यामा काय शे? सरकार एकच हाय. फक्त समोरचा मानूस शोध.
एवढी सोपी गोष्ट आजवर एकाही डॉक्टरला सुचली नाही. त्यासाठी मास्तराच्या पोटी जन्मावं लागतं.

१३ जानेवारी, सोमवार
रेडिओलॉजीच्या एका रेसिडेंटला कँटीनमध्ये गाठलं. प्रस्ताव मांडला. ती खूप हसली. मी खरंच विचारतोय हे कळल्यावर चहा अर्धा टाकून उठली. विचारात पडली असणार.

१४ जानेवारी, मंगळवार
तिला तिळगुळाचा मेसेज केला. जातच नाही. ब्लॉक.
रेडिओलॉजीवाल्यांना माणसांशी वागता येत नाही, दिवसभर अंधारात बसतात. तिथे मी गुदमरलो असतो. बरं झालं.

२१ जानेवारी, मंगळवार. दुपारी ३
मोठी प्रगती. मयूर, ऑर्थोचा, माझ्याच बॅचचा. छत्तीस तास झोपलेला नाही. प्लास्टर रूममध्ये स्टुलावर बसून कोरडी बिस्किटं खात होता. बदलतोस का, विचारलं. म्हणाला, आण भावा कागद, मी वॉचमनशीपण बदलतो. लगेच सही केली. सही शेवटी खाली घसरलीय, पण ओळखू येते.
ऑर्थो! हाड मोडलेला माणूस पायावर चालत घरी जातो आणि डॉक्टरला जन्मभर विसरत नाही. मी मुळात ऑर्थोचाच माणूस आहे.

२२ जानेवारी, बुधवार
मयूर आठ तास झोपला, आला, कागद फाडला. म्हणे, कसला कागद?
झोपेने माणसाचं वाटोळं होतं.

५ फेब्रुवारी, बुधवार
आमच्या विभागप्रमुख उज्वला मॅडम. त्यांना अंधारात ठेवणं बरं नाही म्हणून सांगून टाकलं की मी जाण्याच्या विचारात आहे. धक्का बसेल याची कल्पना होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, शेखर, तुमचं मनच नसेल तर धरून ठेवण्यात अर्थ नाही. आवाज जड झाला होता. पायल म्हणते, त्यांना सर्दी झालीय.
पायल फर्स्ट इयरची. नुकतीच आलीय, तिला माणसं वाचता येत नाहीत. ऑपरेशनभर पेशंटच्या उशाशी उभी राहते, बसत नाही. मी तिला दहादा सांगितलं, मशीन सगळं करतं, तू जरा टेक. हो सर म्हणते आणि उभीच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
माणूस मिळाला. सनी. न्यायवैद्यकशास्त्र. म्हणजे शवविच्छेदन. म्हणाला, सर, सकाळी कामावर गेल्यावर एखाद्याने तरी गुड मॉर्निंगला उत्तर द्यावं, एवढीच इच्छा आहे. त्याला जिवंत माणसं हवी आहेत. घे बाबा माझी.
आधी मी नाक मुरडलं होतं. पण न्यायवैद्यक म्हणजे शेवटचा शब्द. सर्जन चुकला का, हे तेच सांगतात. कोर्टात डॉक्टरसाहेब म्हणतात. पेशंट कुरकुर करत नाही. पेढे कुणालाच मिळत नाहीत, त्यामुळे अपमानही नाही.
मी मुळात न्यायवैद्यकचाच माणूस आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसात खंडेराव क्लार्क. म्हणाले, तीस वर्षांत असला अर्ज बघितला नाही डॉक्टर, याला फॉर्मच नाय. आप्पांचा जुना नमुना पुढे केला. माणूस खुलला. नमुना असला की त्याला नकार देता येत नाही. 'शाळा' खोडून 'विभाग' केलं, 'मुख्याध्यापक' खोडून 'विभागप्रमुख', आणि दोन प्रती टाईप करून दिल्या. कॉलम सात, विद्यार्थीसंख्या, तो तसाच राहिला. मी तिथे पेशंट लिहिणार, सनी शवं.
दोन्ही विभागप्रमुखांचा अभिप्राय घेऊन पुढे पाठवतो म्हणाले. मॅडमना लिहिताना त्रास होईल. पण नाइलाज आहे.

१२ मार्च, बुधवार. दुपारी ४
सकाळी एक किरकोळ प्रकार झाला. नोंद असावी म्हणून लिहितो.
यशोदाबाई, दिंडोरीच्या, द्राक्षबागेत मजुरी करतात. पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन. भूल मी दिली, उत्कृष्ट. मध्येच सनीचा फोन. शवं आकड्यात लिहू की अक्षरात. ऑफिसचं काम, टाळता येण्यासारखं नव्हतं. दारापर्यंत गेलो. फार तर दोन मिनिटं. मशीनचा अलार्म आधीच बंद केलेला, कारण तो उगाच वाजत असतो. तेवढ्यात श्वासाची नळी निसटली. नळ्या निसटतात. कंपनी बदला, हे मी कधीपासून सांगतोय.
पायल कोपऱ्यात इंजेक्शनं भरत होती. म्हणे मॉनिटरच्या टिकटिकीचा सूर खाली गेलेला ऐकू आला. ऑक्सिजन अठ्ठावन्नवर. ती ओरडली, पळत आली, मला कोपराने बाजूला केलं, सीनिअर-ज्युनिअर काही नाही. नळी जोडली आणि हाताने पिशवी दाबत राहिली. आकडा चढला. पिशवी दाबणं कुणालाही येतं.
यशोदाबाई आयसीयूत. अजून शुद्धीवर नाहीत. येतील.

१३ मार्च, गुरुवार
नाहीत अजून. त्यांचा मुलगा संतोष आयसीयूच्या दाराशी कालपासून बसून आहे. मी मागचा जिना वापरतो. तेवढाच व्यायाम.
जेवण गेलं नाही. मेसचं जेवण हल्ली बिघडलंय.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ९.२०
शुद्धीवर आल्या. मुलाचं नाव बरोबर सांगितलं, बागेत छाटणी कधी ते सांगितलं. मी म्हटलंच होतं.
बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. डोळ्यांत धुळवडीचा रंग गेला असावा.

१७ मार्च, सोमवार
मॅडमनी बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. उद्यापासून मी ओपीडीत, ऑपरेशनआधीची तपासणी. वजन, बीपी, पुढचा दात हलतो का. थिएटरमध्ये यायचं नाही म्हणाल्या.
अनुभवी माणसाला बैठं काम देतात. सगळ्या खात्यांत अशीच पद्धत आहे.

२१ मार्च, शुक्रवार
यशोदाबाईंना घरी सोडलं. संतोष द्राक्षांची पेटी खांद्यावर घेऊन थेट थिएटरच्या दारात. मोठ्याने विचारत होता, भूल देनारे डाक्टर कुठं हे? दीड वर्षात हा प्रश्न पहिल्यांदा कानावर आला. मी ओपीडीतून निघालो, जवळजवळ धावतच, आणि म्हटलं, मी. तो म्हणाला, तुमी नाय, बाई. त्या बाईंनी आमच्या आईला जाऊ दिलं नाय.
पायल बाहेर आली. तो रडला, ती रडली. सिस्टर रडल्या. पेटीतली द्राक्षं सगळ्यांना वाटली. मलाही दिली पायलने. मी घेतली नाहीत. द्राक्षांनी माझा घसा धरतो.
पिशवी दाबल्याबद्दल पेटी. आणि ज्याने दीड तास व्यवस्थित झोपवलं त्याला काय? नाशकात न्याय उरलेला नाही. राग आला, अजून येतोय.

२ एप्रिल, बुधवार
न्यायवैद्यकचं पुस्तक आणलं. रोज वीस पानं. आज तीन झाली.

९ एप्रिल, बुधवार
पान तीन. ओपीडीत फार गर्दी असते.

१६ एप्रिल, बुधवार
अर्जाचं उत्तर नाही. मोठ्या निर्णयांना वेळ लागतो. आप्पांनी विचारलं, काय व्हयनं? म्हटलं, होतंय. ते म्हणाले, शेखर, आपसी बदलीत समोरच्यालापन आपली जागा आवडावी लागते, आपन ती नीट ठेवलेली असावी लागते. मास्तर माणूस, बोलायची सवय. विषय बदलला.
पायलला आता एकटीने केस द्यायला लागलेत म्हणे. चार महिन्यांत. माणसं नसली की असंच होतं. मी थिएटरमध्ये नाही म्हणून ही वेळ आली.

२८ एप्रिल, सोमवार. दुपारी १२.३०
खंडेरावांनी बोलावलं. अर्ज परत आला. एकच ओळ: अशा प्रकारच्या बदलीची तरतूद नाही.
मला बसवून ते चहा सांगायला गेले. फाईल टेबलावर उघडीच होती. दोन्ही फॉर्म एकावर एक. शेवटचा कॉलम विभागप्रमुखांनी भरायचा: 'अर्जदारास कार्यमुक्त केल्यास विभागाच्या कामावर होणारा परिणाम'.
सनीच्या फॉर्मवर त्याच्या सरांना जागा पुरली नव्हती. समासात लिहीत लिहीत ते मागच्या पानावर गेले होते. हा मुलगा मृताच्या नातेवाइकांना आधी खुर्ची देतो, पाणी देतो, मग बोलतो, असं लिहिलं होतं. याला सोडू नये, अशी विनंती. खाली रेघ.
माझ्या फॉर्मवर मॅडमचं स्वच्छ अक्षर. एक शब्द. निरंक.
यशोदाबाईंचा प्रकार मनात धरून लिहिलं, हे उघड आहे. एका चुकीवरून माणसाचं मोल करायचं, हा कुठला न्याय? सहीखालची तारीख पाहिली. १० मार्च. यशोदाबाई १२ तारखेच्या.
पुन्हा पाहिली. १० मार्चच.
खंडेराव चहा घेऊन आले. माझं तोंड बघून म्हणाले, मनाला लावून घेऊ नका डॉक्टर, बऱ्याच जनांच्या फॉर्मवर तसंच असतं. मी विचारलं, कुणाच्या? ते कपात चहा ओतत राहिले.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६
मॅडमकडे गेलो. आधी वाटलं भांडायला चाललोय. आत गेल्यावर भलतंच बोललो. सांगितलं, त्या दिवशी फोन सनीचा नव्हता. मीच त्याला लावला होता. दोन मिनिटंही नव्हती, जास्त होती, किती ते माहीत नाही, कारण मी मागे वळून पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे. मी बोलायची वाट बघत होत्या म्हणे, महिना-दीड महिना.
लाज वाटली. बीपीच्या मशीनकडे बघत बसलो.
आता काय करू, विचारलं. म्हणाल्या, पहिल्यापासून. उद्या आठ वाजता थिएटरमध्ये यायचं, पायलच्या मागे उभं राहायचं. कशाला हात लावायचा नाही. काही विचारायचं असेल तर तिला विचारायचं.
किती दिवस, ते विचारलं नाही. हो म्हणालो. मला घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.