बुजवलेल्या विहिरीतलं अर्थिंग

४ जानेवारी, शनिवार

डोळखांबला पोचले! पुस्तकांची अकरा खोकी उतरवताना टेंपोवाल्याने विचारलं, मॅडम, दुकान काढताय काय. कॉलेजात इतिहास शिकवायला आलेय म्हटल्यावर त्याला माझी दया आली असावी. शेवटची दोन खोकी त्याने आत नेऊन ठेवली. घर छोटं, नेटकं. मागे मोकळं परस, परसापलीकडे टेकडी. शहरात सोसायटीने माझ्या हौशी रेडिओचा अँटेना लावू दिला नव्हता. सभेत चाळीस मिनिटं बोलले होते, टाळ्या मिळाल्या, परवानगी नाही. इथे घरमालकीण सावळीबाय म्हणाली, लाव गो, आमचं काय जातंय. अट एकच. परसात बुजवलेली विहीर आहे, तिथे उभं राहून कुणाचं नाव घ्यायचं नाय, आपलंही नाय. बोलवायचं तर टाळी वाजवायची. कारण विचारलं तर म्हणाली, नाव तिथंच ऱ्हातं. मी हसले. असल्या समजुतींविरुद्ध वीस वर्षं व्यासपीठावरून बोलत आलेय. घरातच विषय मिळाला!

५ जानेवारी, रविवार

हौशी रेडिओवाल्यांची सभा दर रविवारी सकाळी नऊला, रेडिओवरच, चाळीस मीटर लहरींच्या पट्ट्यावर भरते. आज मोठी बातमी कळली. दरड कोसळून मोबाइल बंद पडले तर शहापूर-मुरबाडचे निरोप एका मुख्य केंद्राने सांभाळायचे, आणि ते केंद्र २ फेब्रुवारीला निवडणार. ते मला हवं. संकटात माणसांना आधी धीर देणारा आवाज लागतो, आणि आवाज माझ्याकडे आहे.

अडीच मीटरचा उभा अँटेना, मुळाशी तांब्याच्या तारेची कॉइल. शेजारी मुरमात अर्थिंगचा रॉड ठोकला, जुळवाजुळव केली. अँटेनाकडून परत येणारी शक्ती मीटरवर जवळजवळ शून्य, म्हणजे जुळणी उत्तम. बोलले. कुणालाच ऐकू गेलं नाही.

मुरबाडच्या दीपेशला मात्र सगळ्यांनी ऐकलं. हा मोटार-वाइंडिंगचं दुकान चालवतो. त्याचा अँटेना माझ्याहून वीतभर आखूड. म्हणाला, ताई, भाषण झकास असेल, फक्त ऐकाया येत नाय. सगळे हसले. तेही मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा तेच. सभेनंतर दीपेशने फोन करून समजावलं. आखूड अँटेना निम्मा जमिनीच्या जिवावर चालतो. कोरड्या मुरमात मीटर गोड बोलतो, पण ताकद सगळी मुरूम तापवण्यात जाते. अर्थिंग सुधारलं की उलट मीटरवरचा आकडा बिघडतो, मग कॉइलवरचा जोड सरकवून पुन्हा जुळवायचं. ताई, मीटर बिघडला की पेढे वाटा, म्हणाला.

बरोबर आहे त्याचं. मी हे तीन पुस्तकांत वाचलंय. त्याच्या हाताला ते ठाऊक आहे. हेच जाळतं मला. वर्गात शिकवतानाही त्याचा तो सैल, हसरा आवाज कानात होता.

रॉडभोवती मीठ-कोळसा भरला, दोन हंडे पाणी ओतलं. मुरमाने पिऊन टाकलं. या परसात ओल एकाच जागी आहे.

१८ जानेवारी, शनिवार

सावळीबाय सकाळीच किन्हवलीला गेली. बुजवलेल्या विहिरीच्या मधोमध रॉड ठेवला. सहा फुटी रॉड, तीन ठोके. चौथ्याची गरज पडली नाही. वीतभर टोक वर राहीपर्यंत तो आपला आपण खाली गेला.

मीटर बिघडला! मी लहान पोरीसारखी ओरडले. कॉइलवर जोड सरकवला, जुळलं. तिथेच उभी राहून माइकवर परवान्यावरचं कॉलसाइन आणि नाव दिलं. मिताली, मिताली. सात वेळा. कोलकात्याहून उत्तर आलं.

१९ जानेवारी, रविवार

सगळ्यांनी ऐकलं. दीपेश म्हणाला, ताई, आज तुमी मला खाल्लं. किती गोड वाक्य! मग म्हणाला, काल दुपारचं दरडीवरचं बोलणंही भारी होतं.

काल सकाळी कोलकात्यानंतर मी रेडिओ बंद केला होता. दुपारी तो बंदच होता.

२३ जानेवारी, गुरुवार

दीपेशने त्या दुपारचं रेकॉर्डिंग पाठवलं. आवाज माझाच. भाषण मी कधीच न केलेलं. नऊ वेळा ऐकलं. जिथे मी गरजते, तिथे ती थांबते. आणि त्या थांबण्याने अंगावर काटा येतो — लिहायला लाज वाटते, पण ती माझ्याहून चांगली बोलते. दीपेशचा हेवा आता आठवतही नाही. घसा बसलाय.

२६ जानेवारी, रविवार

रेडिओ लावला तर ती बोलतच होती. मध्ये घुसून सांगितलं, मिताली मी आहे. सगळ्यांनी मलाच दटावलं. दीपेश चिडला, कोण हाय रे हा, ताईंची नक्कल करतो, आणि तीबी घसा बसवून.

दारातून सावळीबायला हाक मारली. वळली नाही. टाळी वाजवली तेव्हा वळली. तिला विहिरीतला रॉड दाखवला. पदर तोंडाशी नेला तिने. म्हणाली, नाव तिला दिलंस, आता आमी तुला काय म्हणू गो?

३० जानेवारी

वर्गात हजेरी घेतली. ओठ हलले. पोरं फळ्याकडे बघत बसली —

अर्थिंगची तार कापली. अँटेना आडवा केला. रेडिओवर ती चालूच. रॉड उपटायला गेले. वीतभर वर होता. आता बोटभर —

२ फेब्रुवारी

नऊ वाजून दहा. निवड झाली. मिताली. एकमताने. दीपेशनेच नाव सुचवलं —

माइकमध्ये ओरडतेय. नुसती हवा —

ती आभार मानतेय. नाही. हे वाचतेय. मी लिहितेय ते. लिहिण्याआधी. ‘नुसती हवा’ ती आधी म्हणाली. मी खोडलं, दुसरं लिहायला घेतलं, तेही तिने आधीच — आणि माझ्याहून सुंदर —

एक वाक्य. एकच, तिच्याआधी —

थांबलीय. सगळा पट्टा शांत. माझी वाट बघतेय. लिहिते, पटकन, मी