हवेत गेलेल्या औषधाच्या नऊ महिन्यांबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
कामगार दवाखाना, शिवण कारखाना.

विषय: मी आधी आजारी होते व आता बरी आहे, या दोन्ही गोष्टी खऱ्या मानण्याबाबत.
संदर्भ: 'खोट्या आजारपणाचा खुलासा' मागणारे आपले पत्र.

महोदय,

पहाटे घर गपगार असताना माझ्या छातीतून शिट्टी वाजे, आणि शेजारी कुकर लागला असे समजून माझी सात वर्षांची मुलगी शाळेच्या तयारीला उठून बसे. मला दमा आहे, हे आपल्या दप्तरी आहे. मी कटिंग विभागात कापडाचे थर अंथरते व त्याचे तंतू दिवसभर नाकातोंडात जातात, हे दप्तरी नाही.

गतवर्षी मला आपल्या दवाखान्यातून श्वासाने ओढायच्या औषधाचे दोन पंप मिळाले. तपकिरी रोज घ्यायचा, निळा धाप लागल्यावर. मागे साठजणींची रांग होती. औषधवाल्या भाऊंनी खिडकीच्या जाळीआडून पंप उंच धरला, हवेत एक फवारा मारला, असं घ्यायचं म्हणाले आणि 'पद्धत समजली' या ओळीखाली माझी सही घेतली. मी पाहिले तसेच केले. तोंडासमोर हवेत फवारा मारायचा आणि पुढे होऊन हुंगायचा, अत्तरासारखा. नऊ महिने. आमच्या विभागात सगळ्याजणी असाच घेतात. नवीन बाई आली की तिला आम्हीच शिकवतो.

धाप हटेना. अठरा दिवस रजा झाली. आपण 'औषधाचा उपयोग नाही, कामास अयोग्य' असा शेरा मारलात. मी पंप घेते कसा, हे कुणी पाहिले नाही.

पाहिले ते मुलीच्या शाळेत मला धाप लागली तेव्हा, तिथे तपासणीला आलेल्या नर्सबाईंनी, आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, औषध तुम्ही नाही, तुमच्या घराच्या भिंतींनी घेतलंय. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाभोवती ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढू लागताच दाबायचा आणि दहा मोजेपर्यंत श्वास धरायचा. तपकिरीनंतर चूळ भरायची. बरे वाटले तरी तो मनाने सोडायचा नाही. मोजण्याचे काम मुलीने घेतले. आठच्या पुढे ती मुद्दाम रेंगाळते. दोन महिन्यांत शिट्टी थांबली.

हे सांगायला मी हौसेने दवाखान्यात आले, तर हाती आपले पत्र पडले. आता बरी, त्याअर्थी आधीचे सोंग. पद्धत शिकवली नाही म्हणावे, तर सही माझी. शिवाय पत्रात सोमवारी फेरतपासणीला बोलावले आहे. म्हणजे त्या तपासणीत छाती वाजली तर मी अयोग्य, न वाजली तर लबाड. नोकरी दोन्हीकडून जाते.

तरी शेरा रद्द करून मला कामावर ठेवावे, आणि सोमवारी पंप वाटताना सह्या घेण्याआधी प्रत्येकीला आपल्यासमोर पंप घ्यायला लावावा, ही विनंती.

भात शिजेपर्यंतच्या वेळात हे लिहिते आहे. मुलीने आपले पत्र वाचायला घेतले. अडली ती जोडाक्षरे मी सांगितली. शेवटपर्यंत वाचून तिने विचारले, "मग आई, सोमवारी तू बरी जाणार की आजारी?"

आपली नम्र, व तूर्त बरी,
(सही)
कापड अंथरणारी, कटिंग विभाग
दि. ६ ऑगस्ट